आपाकुकीच्या गाडीचा ब्रेक

बोट आली नव्हती. मागच्या दोन बुधवारी आली नव्हती आणि येत्या बुधवारी येईल असं धक्क्यावरचा माणूसही छातीठोक सांगत नव्हता. तिचं इंजिन तिकडे सुवा बंदरात बिघडलं होतं म्हणे. त्यामुळे आमच्या बेटावर पीठ संपलं, साबण संपला आणि दोरसामीच्या गॅरेजमधलं ब्रेक ऑइल संपलं. पिठावाचून आमचं फारसं अडत नाही, रानात दालोचे कंद असतात. ब्रेक ऑइल काही रानात पिकत नाही.

आपाकुकी त्या दिवशी सकाळपासून गाडीखाली आडवा होता. मागचं डावं चाक काढून त्याने भिंतीला टेकवलं होतं आणि ड्रम उतरवायला बसला होता. ड्रम गंजून बसला होता. हातोड्याने चारी बाजूंनी ठोकत, मध्येच शिवी हासडत, त्याने तो तासाभराने सोडवला.

"काय निघालं?" मी कुंपणावरून विचारलं. मी त्याचा शेजारी. आमच्या दोघांच्या घरांमध्ये जास्वंदीचं कुंपण आहे आणि ते बोलण्यापुरतंच उंच आहे.

"सगळं ओलं आहे." त्याने लायनरवर बोट फिरवून मला दाखवलं. बोट काळं आणि चकचकीत झालं होतं. "सिलिंडरचं रबर गेलं. तेल सगळं खाली उतरलंय."

ही गाडी तीन भावांची. मागे माल, पुढे तीन माणसं, अशी. एक भाऊ न्यूझीलंडला फळं तोडायला गेला तो तिकडचाच झाला. एक वारला. गाडी आपाकुकीच्या दारात राहिली, पण म्हणायला सगळ्या घराण्याची. मयत, लग्न, पाद्रीबाबांचं सामान, कुणाची बाळंतीण, सगळ्याला तीच. चालवायला सगळे पुढे आणि ब्रेक बघायला एकटा आपाकुकी. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने लोखंड खाल्लं जातं म्हणून तो दर महिन्याला चारही चाकं उतरवायचा, गोड्या पाण्याने धुवायचा, पॉलिशपेपरने घासायचा. आम्ही त्याला हसायचो. म्हणायचो, बायकोचे पाय कधी इतके धुतलेस का रे.

हँडब्रेकची तार मात्र तुटून वर्षं झाली होती. त्या जागी वेसी नावाच्या झाडाच्या कठीण लाकडाचा एक ठोकळा होता. चढावर किंवा उतारावर गाडी थांबवायची झाली की मागे बसलेल्याने ठोकळा घेऊन उडी मारायची आणि चाकाखाली घालायचा. हे काम त्याची मुलगी केलेरा बारा वर्षांची असल्यापासून करत होती. आता ती एकोणीसची झाली होती. गाडी पुरती थांबायची वाट ती बघायची नाही. चाकाचा शेवटचा अर्धा फेरा उरला की ठोकळा आत गेलेला असायचा आणि ही दोन पावलं मागे उभी, कमरेवर हात ठेवून. तिच्याइतकं ते कुणाला जमलं नाही.

दुपारी आपाकुकी चालत दोरसामीकडे गेला. दोरसामीचे पणजोबा मद्रासकडून उसाच्या करारावर आले होते. दोरसामी स्वतः आमच्यापेक्षा आमची भाषा चांगली बोलतो आणि त्याचा तोरा मिरवतो.

"तेल नाही, किट नाही," तो म्हणाला. "चहा आहे, तोही काळा."

"रबर तरी बघ."

दोरसामीने मागच्या अंगणात पडलेल्या एका भंगार व्हॅनचं सिलिंडर खोललं. त्यातली दोन रबरं अजून मऊ होती. ती बसतील अशी होती. आपाकुकीने ती खिशात घातली.

"रबर बसव आणि गाडी विटांवर उभी कर," दोरसामी म्हणाला. "चावी बायकोकडे दे. बोट येईपर्यंत मागू नकोस."

"आणि कुणी मागितली तर?"

"मग सांग ना, ब्रेक नाहीत म्हणून. त्यात काय लाजायचं? आणि ऐक, दुसरं काही ओतत बसू नकोस त्यात. मागे वरच्या गावातल्या पोरांनी साबणाचं पाणी घातलं होतं. गाडी नदीतून काढावी लागली त्यांची."

आपाकुकी हसला. साबणही नाही म्हणाला, काळजी करू नकोस. परत येऊन त्याने रबरं बसवली, ड्रम चढवला, चाक लावलं. गाडी विटांवर मात्र चढवली नाही. विटाच नव्हत्या, हे खरं. माझ्याकडे होत्या, पण त्याने मागितल्या नाहीत आणि मलाही सुचलं नाही.

शुक्रवारी सकाळी सेकोवे आला.

सेकोवे हा आपाकुकीच्या थोरल्या बहिणीचा, उलामिलाचा मुलगा. डोंगराच्या पलीकडच्या गावातला. आमच्याकडे बहिणीचा मुलगा म्हणजे वासू. मामाच्या घरातलं त्याने मागायचं नसतं, नुसतं बोट दाखवायचं असतं. डुक्कर असो, चटई असो, होडी असो, बोट दाखवलं की ते त्याचं. मामाने 'ने' म्हणायचं आणि वर हसायचं. सेकोवे या हक्काचा माज करणारा नव्हता. दारातून वाकून आला, खालच्या बाजूला बसला, विचारल्याशिवाय बोलला नाही. आम्ही पाचजण आपाकुकीकडे यांगोना, मुळीचं कडवट पेय, पीत बसलो होतो. त्यालाही एक वाटी दिली.

"आजी गेली," तो म्हणाला. त्याच्या वडिलांची आई. म्हातारी होती, पण मयत ती मयत. "उद्या दहाला माती. वरच्या रानातला दालो लागेल मामा, आणि गाडी."

"दालो ने. लागेल तेवढा ने," आपाकुकी म्हणाला.

"आणि गाडी."

आपाकुकीने वाटी खाली ठेवली. "गाडीला ब्रेक नाहीत रे."

सेकोवेने खाली बघितलं. मग तो हळूच म्हणाला, "मागच्या वर्षी डुकराला जुलाब लागले होते मामा."

आणि सगळे हसले. कारण गोष्ट खरी होती. मागच्या वर्षी सेकोवेने मोठ्या डुकराकडे बोट दाखवलं तेव्हा आपाकुकी त्याला जुलाब लागलेत म्हणाला होता, आणि पंधरा दिवसांनी तेच डुक्कर पाद्रीबाबांच्या जेवणावळीत आम्ही सगळ्यांनी खाल्लं होतं. ठणठणीत डुक्कर होतं. आपाकुकीला ते आठवलं आणि त्याचा चेहरा कानापर्यंत तापला. मीही हसलो. हे सांगायला मला बरं वाटत नाही, पण हसलो.

"खरंच नाहीत," आपाकुकी म्हणाला. "याला विचार. चाक खोललेलं बघितलंय याने."

मी म्हणालो, "खोललं होतं खरं. मग लावलंही." हेही खरंच होतं. वाटलं असतं तर मी आणखी बोलू शकलो असतो.

"नको मामा, राहू दे," सेकोवे म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता आणि तेच वाईट होतं. "आईला काय सांगू तेवढं सांगा."

उलामिलाने आपाकुकीला वाढवलं होतं. त्यांची आई गेली तेव्हा हा चार वर्षांचा होता आणि ती तेरा. पाठीवर बांधून ती त्याला रानात न्यायची. तिच्या सासूच्या मयताला गाडी नाही म्हणणं म्हणजे तिला तिच्या सासरी तोंड दाखवायला जागा न ठेवणं.

"मला दोन तास दे," आपाकुकी म्हणाला आणि उठला.

स्वयंपाकघराच्या फळीवर त्याच्या बायकोने, आकेनेताने, काढलेलं खोबरेल तेल होतं. ती दर महिन्याला नारळ खोवून, रस काढून, उन्हात तेल सुटवून मोकोसोईच्या फुलांत मुरवते. देवळाच्या बाजारात तिच्या तेलाला मान आहे. आपाकुकीने दोन बाटल्या उचलल्या.

"कशाला रे?" आकेनेताने विचारलं. ती चुलीपाशी कसावा सोलत होती.

"गुडघ्यांना."

"दोन बाटल्या? दोनच गुडघे आहेत ना तुझे?"

तो हसला आणि बाटल्या घेऊन बाहेर गेला. फळीवर तिसरी बाटली उरली.

पुढचं काम, नळ्यांतली हवा काढायचं, दोघांचं असतं म्हणून त्याने केलेराला हाक मारली. ती गाडीत बसली, उजवा पाय पेडलवर. हा चाकापाशी उताणा झोपला, पाना आणि एक काचेची बरणी घेऊन. मी कुंपणापाशीच होतो, पण मला गाडीची दुसरी बाजू दिसत होती. बरणीत काय होतं ते दिसत नव्हतं.

"दाब."

"दाबलं."

"धरून ठेव."

"धरलंय."

तो स्क्रू सैल करायचा. नळीतून बुडबुडे यायचे, बरणीत फुटायचे. स्क्रू आवळून तो ओरडायचा, "सोड." असं वीस वेळा एका चाकाला, मग दुसऱ्या. वरच्या डबीतलं तेल खाली गेलं की उठून पुन्हा भरायचं. पाऊस थांबून ऊन पडलं होतं. त्याच्या पाठीला चिखल लागून तो वाळला होता. केलेराचा पाय दुखायला लागला तेव्हा तिने पाय बदलला.

"बाबा, कसला वास येतोय?" तिने विचारलं.

"कसला?"

"देवळात बायका बसतात तिथला." तिने खिडकीतून डोकं काढून बरणी पाहिली. मग ती हसायला लागली, इतकी की तिचा पाय पेडलवरून सुटला. "गाडीच्या केसांना तेल लावताय?"

"पेडल धर. आणि आईला सांगू नकोस, ती माझं डोकं खाईल."

तिचं हसणं मी ऐकलं. कशाला हसतेय ते मला कळलं नाही. बाप-लेकीत असायचं काहीतरी नेहमी.

चारही चाकं झाली तेव्हा पेडल वर उभं राहिलं. अर्ध्यावर पाय टेकायचा आणि तिथेच थांबायचा, खाली बसायचा नाही. आपाकुकीने गाडी देवळाच्या उतारावर नेली, सोडली आणि दाबली. गाडी जागच्या जागी उभी राहिली. पुन्हा नेली, पुन्हा दाबली. तिसऱ्यांदा त्याने मला हाक मारून दाखवलं.

"तेल कुठून मिळालं?" मी विचारलं.

"होतं थोडं."

तो खूश होता. चार दिवसांनी त्याचा चेहरा असा सरळ झालेला मी पाहिला. दुपारचं ऊन होतं, अंगातून घाम निथळत होता, आणि ब्रेक लागत होता. अशा वेळी माणसाला आणखी काय विचार सुचणार.

सेकोवेच्या गावची आठ-दहा माणसं वर रानात जायला निघाली. दालो उपटायचा, रात्री रानातल्या खोपीत निजायचं आणि उजाडताच भरलेली गाडी घेऊन खाली यायचं, असं ठरलं. आपाकुकीने सेकोवेच्या हातात चावी दिली.

"पहिल्या गिअरमध्ये उतर. माल कमी भर."

"हो मामा."

मग त्याला राहवेना. त्याने केलेराला बाजूला घेतलं. "तू जा यांच्याबरोबर. पेडल तुझ्या पायाला माहीत आहे. सकाळी निघायच्या आधी तू स्वतः दाबून बघ. नरम लागलं तर कुणी काही बोललं तरी गाडी हलू द्यायची नाही. कळलं? नरम लागता कामा नये."

"कळलं. टणक पाहिजे," केलेरा म्हणाली. तिने ठोकळा उचलला आणि मागच्या फळीवर चढून बसली. सेकोवे तिचा आतेभाऊ, त्या नात्यात चेष्टा चालते. त्याला ती ओरडून म्हणाली, "मयताला नेतोयस ना? मग जपून ने, नाहीतर माती द्यायला आणखी एक मिळेल." सगळे हसले. असलं बोलणं आमच्याकडे कुणी मनावर घेत नाही.

शनिवारी पहाटे दक्षिणेचा वारा सुटला. आमच्याकडे जुलैमध्ये, म्हणजे आमच्या थंडीत, असे दोन-चार दिवस येतात, अंगावर चादर घ्यावी लागते. आपाकुकी उजाडताना उठला. गुडघे खरंच आखडले होते. आकेनेताने फळीवरची तिसरी बाटली काढली आणि त्याच्या तळहातावर उपडी केली.

काही आलं नाही.

"गोठलंय बघ," ती म्हणाली. बाटली पांढरीफटक झाली होती. "थांब, चुलीजवळ ठेवते."

आपाकुकीने बाटली हातात घेतली. उपडी केली, सुलटी केली. "वर रानात याहून गार असेल?" त्याने विचारलं.

"वर असणारच की. काय प्रश्न तरी."

तो बाहेर पडला तेव्हा त्याच्या अंगात शर्ट नव्हता. मी दारात तोंड धूत होतो. माझ्यासमोरून तो पळत गेला. दोन वर्षांत मी त्याला भरभर चालतानाही पाहिलं नव्हतं.

"काय झालं?" मी ओरडलो. तो थांबला नाही. मग मीही त्याच्या मागे निघालो.

रस्ता चढाचा आहे आणि लाल मातीचा. तो पळायचा, गुडघे धरून चालायचा, पुन्हा पळायचा. मी त्याला ओढ्याच्या अलीकडे गाठलं. तो एकच वाक्य बोलत होता, "टणक पाहिजे म्हणालो मी. टणक पाहिजे म्हणालो." मला वाटलं याला ताप चढलाय.

ओढ्याच्या वर तिसऱ्या वळणाला गाडी आडवी उभी होती. तोंड बांधात घुसलं होतं. रस्ताभर दालोचे कंद पसरले होते आणि त्यांच्यामध्ये माणसं बसली होती, कुणी डोकं धरून, कुणी नुसती. सेकोवेचा उजवा हात खांद्यापासून लोंबत होता. आम्हाला बघून तो उठायला गेला आणि पुन्हा बसला.

"मामा, पेडल दगड झालं होतं," तो म्हणाला. "दोन्ही पायांनी दाबलं. हललंच नाही. गिअर निसटला."

निघताना केलेराने पेडल दाबून बघितलं होतं. एकदा नाही, तीनदा. ते त्या माणसांनी आम्हाला सांगितलं. ती उतरून म्हणाली होती, एकदम टणक आहे, बाबा म्हणाले तसं, चला. पहिला उतार सौम्य होता, तिथे पहिल्या गिअरनेच गाडी सावरून धरली आणि ब्रेक लावायची वेळच आली नाही. दुसऱ्या वळणाला गाडी पळायला लागली तेव्हा वर कंदांवर बसलेली माणसं ओरडायला लागली. केलेरा ओरडली नाही. तिने ठोकळा घेऊन उडी मारली, गाडीच्या बाजूने धावली आणि तिसऱ्या वळणावर, बांधाकडच्या मागच्या चाकापुढे तो घातला. नेहमीसारखाच बरोबर घातला. चाक त्यावर चढलं, गाडीचं शेपूट फिरलं आणि बांध आणि गाडीची फळी यांच्यामध्ये ती सापडली. पुढे पंचवीस पावलांवर रस्ता संपतो आणि खाली दरी आहे. अकरा माणसं वाचली.

त्यांनी तिला बाजूला काढून केळीच्या पानांवर ठेवलं होतं. चेहऱ्याला काही झालं नव्हतं.

आपाकुकी आधी तिच्याकडे गेला नाही. तो गाडीत वाकला आणि दोन्ही हातांनी पेडल दाबलं. सगळ्या जोराने दाबलं. मग तो तिच्यापाशी येऊन बसला आणि तिच्या पायांची लाल माती बोटांनी काढायला लागला, बोटांच्या फटींतलीसुद्धा. आम्ही त्याला उठवायला गेलो तर म्हणाला, "थांबा, अजून आहे."

दुपारी पोलीस आला आणि गाडी बघायला दोरसामीला घेऊन आला. तोवर ऊन चढलं होतं. गाडीचा पत्रा हाताला चटका देत होता. दोरसामी चाकापाशी वाकला, स्क्रू सैल केला, बोटावर थेंब घेतला. तेल पातळ होतं, पाण्यासारखं. त्याने बोट नाकाशी नेलं. मग त्याने मान वर करून आपाकुकीकडे पाहिलं. आपाकुकी त्याच्याकडेच बघत होता.

"काय सापडलं?" पोलिसाने विचारलं.

"पुढची नळी धडकेत चेपलीय," दोरसामी म्हणाला. "आता काय कळणार."

त्याने बोट शर्टाला पुसलं. त्याला कसला वास आला ते मला त्याने पुष्कळ दिवसांनी सांगितलं, तेही मी खोदून विचारल्यावर.

सेकोवेच्या आजीची माती शनिवारऐवजी सोमवारी झाली आणि केलेराची मंगळवारी. बुधवारी बोट आली. पीठ आलं, साबण आला, आणि दोरसामीचं खोकंही आलं.

गुरुवारी उलामिलाच्या सासरची माणसं आपाकुकीच्या घरी आली. त्यांच्या पोराच्या हातात गाडी होती, त्या गाडीखाली आमची मुलगी गेली. तेव्हा त्यांनी यायचं, देवमाशाचा दात द्यायचा, माफी मागायची आणि आम्ही ती घ्यायची, ही रीत आहे. बारा माणसं दारातून वाकून आत आली आणि मान खाली घालून बसली. पुढे सेकोवेचे चुलते वाईसाके होते, सत्तरीचे. त्यांच्या दोन्ही हातांत जुना दात होता, हाताळून हाताळून तांबूस झालेला, काथ्याच्या दोरीचा. त्यांच्या मागे हात गळ्यात बांधलेला सेकोवे. उलामिला बायकांच्या बाजूला बसली, तोंडावर फडकं धरून. दोरसामी दाराशी होता, तो आमच्या रीतीचा नव्हता म्हणून उंबऱ्यापाशीच बसला.

वाईसाके बोलले. "आमच्या पोराने उतावीळपणा केला. गाडी सांभाळायला जमली नाही. तुमचं लेकरू आमच्यामुळे गेलं. आम्ही जमिनीपेक्षा खाली आहोत. हा दात लहान आहे, आमचं ओझं मोठं आहे. तो घ्या आणि आम्हाला वर बघू द्या."

सेकोवे सरपटत पुढे आला आणि त्याने मामाच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. तो रडत होता आणि ते त्याला थांबवता येत नव्हतं.

आपाकुकीने दाताला हात लावला नाही. तो म्हणाला, "याचा काही दोष नाही. ब्रेकमध्ये मी खोबरेल तेल घातलं होतं. ते गारठ्यात गोठतं. पेडल टणक लागलं ते त्यामुळे. मी तिला टणक बघ म्हणून सांगितलं. मारलं ते मी."

मग वाईसाकेंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"ऐकलंत?" ते आपल्या माणसांकडे वळून म्हणाले. "पोटची पोर गेली तरी भाच्याला झाकतोय. खोबरेल तेल म्हणतो. याला मामा म्हणतात."

"लहानपणापासून असाच," उलामिला रडत म्हणाली. "मी दिलेला मारसुद्धा माझ्यासाठी लपवायचा."

माणसांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. गाडीत कुणी खोबरेल तेल घालतं का, आणि आपाकुकीसारखा, दर महिन्याला चाकं धुणारा? आम्हाला वाटलं, दुःखाने वेडावलाय किंवा फार मोठा झालाय. कुठलंही धरलं तरी त्याचा मान वाढतच होता. आज त्या मान डोलावण्याची मला लाज वाटते.

आपाकुकीने दाराकडे पाहिलं. "दोरसामी, तू सांग यांना."

सगळे दोरसामीकडे वळले. दोरसामी जमिनीकडे बघत होता. "मला त्या गाडीत तसलं काही दिसलं नाही," तो म्हणाला. त्याला ते उपकाराचं वाटलं असणार. त्या वेळी मलाही वाटलं असतं.

"दोरसामी," आपाकुकी पुन्हा म्हणाला, पण दोरसामीने मान वर केली नाही.

बायकांच्या बाजूने आवाज आला. "कुठलं तेल?"

आकेनेता होती. दात समोर असताना बायका बोलत नाहीत, आणि पोर गेल्यापासून ती कुणाशीच बोलली नव्हती.

"फळीवरचं," आपाकुकी म्हणाला. "तू काढलेलं. गुडघ्यांना म्हणून नेलेलं."

तिने आपले दोन्ही तळहात समोर धरून पाहिले. मग ती उठली. बसलेल्या माणसांमधून, कुणाच्या डोक्यावरून जाताना माफीचं म्हणायचं असतं तेही न म्हणता, ती बाहेर गेली. मागच्या, बायकांच्या दाराने नाही, पुढच्या. भरलेल्या त्या घरात एकटी तिने त्याचं खरं मानलं.

वाईसाकेंचे हात अजून पुढेच होते. म्हाताऱ्या माणसाचे हात, दात जड, ते हळूहळू खाली यायला लागले होते. आपाकुकीने शेवटी तो घेतला, कारण दुसरं कोणी तो घेऊ शकत नव्हतं. कुणीतरी यांगोना कालवला. पहिली वाटी सेकोवेने डाव्या हाताने त्याच्यासमोर धरली. ती एका दमात प्यायची असते. तो प्यायला आणि रीतीप्रमाणे आम्ही तीनदा टाळ्या वाजवल्या.